शुश्रूषा करणारीची शुश्रूषा





दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर केले म्हणजे दुःख दूर होते, ही तथागतांची शिकवण आपण दर पौर्णिमेला विहारात ऐकतो. आज मला एका विशिष्ट दुःखाविषयी आपल्याशी बोलावयाचे आहे. रोगी दवाखान्यात आला की त्याच्या नावाचा केसपेपर निघतो. ताप किती, नाडी किती, औषध कोणते, सारे त्यावर लिहिले जाते. परंतु तो ताप मोजणाऱ्या नर्सबाईच्या मनाला काय झाले, हे कोणत्या कागदावर लिहिले जाते? कोविडच्या महामारीत हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहिला. महामारी ओसरली आणि आपण तो विसरून गेलो. आपल्या समाजातील कितीतरी घरांत पगाराची पहिली नोकरी नर्सबाईचीच आहे. तेव्हा हा प्रश्न परक्याचा नाही, आपल्याच उंबरठ्याच्या आतला आहे.

प्रथम थोडा हिशेब पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महामारी म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. म्हणजे हे प्रकरण तीन वर्षांहून अधिक चालले. याच संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्यसेवक कोविडने मरण पावले असावेत. हा गेलेल्यांचा हिशेब झाला. राहिलेल्यांचे काय? महामारीच्या पहिल्या एका वर्षात जगात चिंताविकार आणि नैराश्य यांचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले, असेही तिने सांगितले. घरात बसलेल्या माणसाच्या मनाची ही गत, तर रोज मरणाच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या बाईच्या मनाची काय गत झाली असेल? गंमत अशी की फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला २०० वर्षे होतात म्हणून २०२० हे वर्ष नर्स आणि सुईण यांच्या गौरवाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून आधीच ठरले होते. गौरवाच्या वर्षीच त्यांच्यावर हा प्रसंग आला.

आता धम्माकडे वळू. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंच्या निवासातून फिरत होते. एका ठिकाणी पोटाच्या विकाराने जर्जर झालेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला त्यांना दिसला. तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, कोणी नाही. मी भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. मग बुद्धांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले.

बंधूंनो, ज्या देशात मलमूत्राला शिवणारा माणूसच हलका ठरविला गेला, त्या देशात आपल्या शास्त्याने ते काम स्वतःच्या हातांनी केले. नर्सिंगच्या कामाकडे आपल्या देशात दीर्घकाळ नाक मुरडून पाहिले गेले, ते याच विटाळाच्या कल्पनेमुळे. बुद्धांनी त्या कामाला सर्वांत वरचे स्थान दिले. त्यांनी भिक्खूंना एकत्र बोलावून सांगितले की, तुमची काळजी घेणारी आई येथे नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

हा उपदेश आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकला असेल. परंतु त्यापुढे जो नियम घालून दिला, तो फारसा सांगितला जात नाही. आजारी भिक्खूचा उपाध्याय असेल तर त्याने तो बरा होईपर्यंत शुश्रूषा करावी. उपाध्याय नसेल तर आचार्याने, नाही तर शिष्याने, नाही तर सोबत्याने. आणि कोणीच नसेल तर? तर ती जबाबदारी साऱ्या संघाची. संघाने ती पाळली नाही तर तो संघाचा दोष. मला वाटते, आजच्या विषयाचे बीज येथे आहे. शुश्रूषा हे एका दयाळू माणसाच्या खांद्यावर टाकून मोकळे होण्याचे ओझे नाही. ते वाटून घ्यावयाचे ओझे आहे.

महामारीत आपण ते वाटून घेतले काय? आपल्या गावच्या उपकेंद्राचे उदाहरण घ्या. नियमाप्रमाणे एका उपकेंद्राकडे ५ हजार लोकवस्ती असते. डोंगराळ आणि आदिवासी भागात ३ हजार. गरोदर बायांची तपासणी, बाळंतपण, लहान मुलांचे डोस ही तेथील नर्सबाईची रोजची कामे. महामारीने यातले एकही काम कमी केले नाही. बाळे जन्माला यावयाची थांबली नाहीत. त्यावर बाहेरगावाहून आलेल्यांची नोंद आली, स्वॅब आले, विलगीकरणातील लोकांची विचारपूस आली. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेची घरोघर पाहणी आली. १६ जानेवारी २०२१ पासून लसीकरण आले. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, तेव्हा लस कमी आणि रांग मोठी अशी अवस्था होती. लस कमी का आली, याचे उत्तर त्या बाईजवळ नव्हते. शिव्या मात्र तिने खाल्ल्या. आम्ही शिक्षकही त्या काळात सर्वेक्षणाच्या ड्यूटीवर होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिले आहे. शहरातील कोविड वॉर्डात तर याहून कठीण. पीपीई किट अंगावर चढविला की ड्यूटी संपेपर्यंत पाणी नाही, लघवीला जाणे नाही. घरी आले तरी मुलाला जवळ घेता येत नाही.

२२ मार्च २०२० रोजी सायंकाळी ५ वाजता देशाने त्यांच्यासाठी टाळ्या आणि थाळ्या वाजविल्या. आणि थोड्याच दिवसांत ठिकठिकाणी घरमालक त्यांना खोल्या रिकाम्या करावयास सांगू लागले. आमच्या ओळखीच्या एका सिस्टरने मला सांगितलेले शब्द विसरता येत नाहीत. ती म्हणाली, "सर, टाळ्या वाजल्या तेव्हा बरं वाटलं. पण घरमालकीण म्हणाली, जिन्याच्या कठड्याला हात लावू नका, तेव्हा मला माझ्या आजीची आठवण आली. तिला पाणी वरून ओतायचे." विचार करा, बंधूंनो. रोगाची भीती समजू शकते. अंतर राखणे हा तर वैद्यकाचाच सल्ला होता. परंतु अंतर राखणे वेगळे आणि माणूस टाकणे वेगळे. हा भेद आपल्याइतका दुसऱ्या कोणाला कळणार? आणि आपल्याही वस्तीत एखाद्या घराने दवाखान्यात राबणाऱ्या बाईला, वॉर्डबॉयला किंवा सफाई कामगाराला असे टाकले असेल, तर वंदना म्हणून काय उपयोग? अखेर सरकारला २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आरोग्यसेवकांवरील हिंसेला तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड ठरविला. त्यांचे राहणे किंवा काम करणे कठीण होईल असा छळही त्यात हिंसा मानला. कायदा करावा लागतो, तेव्हा समजावे की समाजातील मैत्री कमी पडली.

तथागतांनी दोन बाणांचा एक दृष्टान्त दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, ती शरीराची वेदना. ती चुकत नाही. परंतु त्याच जागी दुसरा बाण लागावा, तशी माणूस त्या वेदनेवर मनाची वेदना चढवितो. नर्सचा पहिला बाण म्हणजे थकवा, जागरण आणि डोळ्यांपुढचे मरण. दुसरा बाण म्हणजे, "मी आणखी काही केले असते तर तो वाचला असता" हा विचार. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजन नव्हता, बेड नव्हते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. अशा वेळी वॉर्डात धावणाऱ्या नर्सचा काय दोष? काही नाही. तरीही तिचे मन रात्री तिलाच आरोपी करते. आपले मूल्य एक आणि परिस्थिती करावयास लावते दुसरेच, यातून मनाला जी जखम होते, ती केवळ थकव्याची नसते; म्हणून ती केवळ सुट्टी घेऊन भरतही नाही.

परंतु मी आपल्याला विचारतो, हा दुसरा बाण नेहमी तीच स्वतःला मारते काय? "तुम्हीच मारलंत माझ्या माणसाला" असे ओरडणारा नातेवाईक तो मारतो. जिन्याला हात लावू नका म्हणणारी शेजारीण तो मारते. आणि घरी आल्यावर "नोकरी करतेस म्हणजे उपकार करतेस काय, स्वयंपाक कोण करणार?" असे म्हणणारी सासू, ते ऐकून गप्प बसणारा नवरा, हेही तो मारतात. पहिला बाण थांबविणे आपल्या हाती नव्हते. दुसरा पुष्कळ अंशी आपल्या हाती होता, आणि आहे.

येथे कोणी म्हणेल, सेवा म्हणजे त्यागच. सावित्रीमाईंचे उदाहरण पाहा. होय, पाहू या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. माईंचा दत्तक पुत्र यशवंत डॉक्टर होता. त्याच्या दवाखान्यात माई रोगी आणून त्यांची सेवा करीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या मुलाला शिवावयास गाव तयार नव्हते, त्याला माईंनी पाठीवर घेतले. आपण त्या पाठीचे ऋणी आहोत. परंतु ऋण असे फेडू नका की, माई मेल्या, तर आमच्या सिस्टरनेही मरेपर्यंत राबावे! माईंनी आपले आयुष्य स्वतः होऊन दिले. ते दुसऱ्या कोणाकडून वसूल करण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. त्यागाची स्तुती करणारा समाज जर त्याग करणाऱ्याला पाणीसुद्धा विचारीत नसेल, तर ती स्तुती फुकटची आहे.

मग नर्सने स्वतः काय करावे? संयुत्त निकायात डोंबाऱ्याची एक गोष्ट आहे. बांबूवर कसरत करणारा गुरू शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. म्हणजे आपण सुखरूप खाली उतरू. शिष्य म्हणतो, नाही गुरुजी, तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो. मगच खेळ नीट होईल. बुद्धांनी शिष्याचे म्हणणे मान्य केले आणि त्यात भर घातली की, स्वतःला सांभाळणारा दुसऱ्यालाही सांभाळतो, आणि क्षमा, अहिंसा, मैत्री यांनी दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःलाही सांभाळतो. बांबूवरच्या माणसाचा तोल गेला तर तो एकटा पडत नाही. म्हणून भगिनींनो, वेळेवर जेवणे, झोपणे, हक्काची रजा मागणे आणि आपले दुःख बोलून दाखविणे यात अपराध नाही, स्वार्थ तर मुळीच नाही.

आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. दूरचा शत्रू क्रौर्य. तो ओळखता येतो. जवळचा शत्रू शोक. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून घरात शिरतो. प्रत्येक रोग्याबरोबर बुडणे ही करुणा नव्हे. बुडणाऱ्याला काढावयाचे तर आपले पाय काठावर हवेत. फार दिवस शोकात राहिलेले मन पुढे दगडासारखे होते. मग रोगी मेला तरी काही वाटत नाही, कामाचा तिटकारा येतो, आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटते. कामाच्या न संपणाऱ्या ताणातून येणाऱ्या या अवस्थेची जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये नोंद घेतली आहे. अशी बाई "माणुसकी विसरली" असे आपण म्हणतो. ती विसरलेली नसते, तिची माणुसकी उपाशी पडलेली असते.

संघाने काय करावे, तेही विनयात आहे. तेथे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत: औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र आणि ओकारी काढण्याची किळस नसणे, आणि धम्माच्या गोष्टी सांगून रोग्याला धीर देणे. परंतु तेथेच चांगल्या रोग्याचेही गुण सांगितले आहेत! त्याने पथ्य पाळावे, प्रमाण ओळखावे, औषध घ्यावे, आपली अवस्था खरी सांगावी आणि वेदना सोसावी. म्हणजे रोग्यावर आणि त्याच्या नातेवाइकांवरही कर्तव्य आहे. प्रवास लपविणारा, ताप लपविणारा, सिस्टरवर हात उगारणारा हे कर्तव्य मोडतो.

आणखी एक गोष्ट ऐका. भिक्खू मरण पावला की त्याच्या वस्तूंचा मालक संघ. परंतु शुश्रूषा करणाऱ्याचे उपकार मोठे, म्हणून मृताचे चीवर आणि पात्र संघाने त्याला द्यावे, असा नियम बुद्धांनी केला. शुश्रूषा करणारा लहान सामणेर असला तरी त्याला बरोबरीचा वाटा द्यावा, असे सांगितले. त्या काळी भिक्खूजवळ चीवर आणि पात्र यांखेरीज होते तरी काय? तेच देण्यास सांगितले. कृतज्ञता हातात ठेवता आली पाहिजे. महामारीत कंत्राटावर घेतलेल्या आणि गरज संपताच घरी पाठविलेल्या नर्सबाईंचा विचार या नियमाच्या उजेडात करावा. आरोग्यसेवकाचा मृत्यू झाल्यास ५० लाख रुपयांच्या विम्याची योजना मार्च २०२० मध्ये जाहीर झाली, ती योग्यच होती. परंतु जी जिवंत राहिली आणि जिची झोप गेली, तिलाही बरोबरीचा वाटा हवा: पुरेसे मनुष्यबळ, पक्की नोकरी, हक्काची विश्रांती आणि मनाच्या उपचाराची सोय.

हे झाले सरकारकडे मागावयाचे. घरात आपण काय करावे?

पहिली गोष्ट, ओळखावे. झोप न येणे, रात्री दचकून उठणे, अन्नावरून मन उडणे, मुलांवर विनाकारण ओरडणे, सारखे रडू येणे किंवा मुळीच रडू न येणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे. दोन आठवडे असे चालले तर तो स्वभाव नव्हे, आजार असू शकतो. मरणाची भाषा निघाली तर दोन आठवडे थांबू नये. एकटे सोडू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट, भगताकडे नेऊ नये. आपण धम्म स्वीकारला, परंतु सून गप्प गप्प राहू लागली की "बाहेरचं काही लागलं असेल" हा शब्द अजून आपल्या तोंडी येतो. अंगारा, उतारा, नजर यांनी मनाचा आजार जात नाही. उपचाराचे दिवस तेवढे जातात. मागील जन्मीचे पाप म्हणून हे भोगावे लागते, असेही म्हणू नये. कारण शोधावे आणि ते दूर करावे, हाच आपला धम्म. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा विभाग असतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तेथे मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. नर्सबाईने ओळखीच्या कपाटातून झोपेची गोळी स्वतःच काढून घेऊ नये. दुसऱ्याला जो नियम सांगतो तो आपल्यालाही लागू आहे.

तिसरी गोष्ट, लाज बाळगू नये. मोडलेला हात झोळीत घालून आपण रस्त्याने चालतो. मन मोडले तर का लपवावे? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा न करता तिच्यावर उपचार व्हावेत, अशी तरतूद केली आहे. कायदा जे समजला, ते घराने समजू नये काय?

चौथी गोष्ट, नाईट ड्यूटी करून आलेल्या बाईला दिवसा झोपू द्यावे. हे वाक्य फार साधे वाटेल. परंतु किती घरांत हे पाळले जाते, ते आपल्या मनाला विचारा. घरातील पुरुषाने चूल पेटवावी, पोरांचा डबा भरावा. मैत्रीभावना वंदनेच्या वेळी मनात आणावयाची आणि त्याच वेळी थकलेल्या बाईकडून चहा मागावयाचा, हे एकत्र नांदत नाही. ब्रदर म्हणून राबणारा मुलगा असेल तर त्यालाही "पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय?" असे म्हणू नये.

पाचवी गोष्ट विहाराची. प्रत्येक विहार समितीने आपल्या वस्तीत नर्स, आशाताई, वॉर्डबॉय, सफाई कामगार कोण कोण आहेत याची यादी करावी. महिला मंडळाने महिन्यातून एकदा त्यांना बोलवावे. हार घालण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. त्यांनी बोलावे, आपण ऐकावे. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा कोणाच्या घरी डबा कोण पोहोचविणार, कोणाची मुले कोण सांभाळणार, घरमालकाने खोली सोडावयास सांगितली तर कोण जाऊन बोलणार, हे आजच ठरलेले असावे.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे की, मन हे सर्व गोष्टींचे केंद्र आहे, हे बुद्धांच्या शिकवणुकीचे पहिले वैशिष्ट्य होय. ज्या धम्माने मनाला केंद्र मानले, त्या धम्माच्या घरात एका बाईचे मन वर्षानुवर्षे दुखत राहावे आणि कोणाला त्याचा पत्ता नसावा, हे आपल्याला शोभत नाही. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील, हा प्रश्न तथागतांनी भिक्खूंना विचारला होता. आज तो आपल्या वस्तीला विचारलेला आहे असे समजा. त्याचे उत्तर येत्या पौर्णिमेपर्यंत थांबविण्याचे कारण नाही. आज रात्री जी ड्यूटीवरून परत येईल, तिला दार उघडून इतकेच विचारा, "आज कसं गेलं?" आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.

जयभीम. नमो बुद्धाय.